अक्षरी चार रुपये

दर तीन वर्षांनी बोलावणं येतं.
काळ्या रंगाचा डबा, दोन ब्रश, रॉकेलची बाटली, चिंध्या,
कॅरिअरला उलटं बांधलेलं स्टूल,
असा मी, जानराव पेंटर, दर्यापूरहून निघतो.
वाघोडीच्या शिवारात डांबरी सोडली
की पऱ्हाटीच्या मधोमध तो दिसतो.
चौकोनी, दीड पुरुष उंच,
वर कलशासारखं काहीतरी, त्याची एक कड उडालेली.
गाव त्याला पलटणीचा खांब म्हणतं.
बैल त्याला पाठ घासतात.

इथली माती खारी, विहीर खारी,
दगडही आतून मीठ सोडतो.
अक्षरं आधी फुगतात,
मग पापुद्रा होऊन गळतात.
उरलं त्यावर मी काळा हात फिरवायचा.

इंग्रजी मला लिहिता येतं, वाचता येत नाही.
एचचे दोन खांब, एसची नागमोड, इतकंच.
पोरीनं एकदा वहीच्या पानावर अर्थ उतरवून दिला :
कॅप्टन एडवर्ड हॅली, वय एकतीस,
पाद्र्याचा दुसरा मुलगा,
घोडा पडला तरी तलवार सुटली नाही.
लेफ्टनंट थॉमस क्रॅन्बी, वय एकोणीस,
आईचा एकुलता.
आणि अगदी खाली, गवत टेकतं तिथं :
आणि देशी पायदळाचे ४३.

बिल अक्षरांवर. अक्षरी चार रुपये.
कॅप्टनचे चारशे बहात्तर झाले.
लेफ्टनंटचे दोनशे ऐंशी, लहान होता.
त्रेचाळीस माणसांचे आठ.

दुपारी निंदणाऱ्या बाया खांबाच्या सावलीला आल्या.
सावली ती केवढी, एका बाईपुरती.
द्रुपदाबाईनं भाकर सोडली अन् विचारलं,
"कायचे नावं लिवता भाऊ?"
मेलेल्यांची.
"अन् हे खालचे दोन आकडे?"
त्रेचाळीस माणसं.
"त्यायले नावं नोयते काय?"
मी ब्रश रॉकेलात बुडवला.
"अन् समोरचे?"
कोण समोरचे?
"लढाई त एकट्यानं होत नाई."

मी खांबाला पूर्ण चक्कर मारली.
तीन बाजू कोऱ्या होत्या.
कोऱ्या बाजूंचं मोजमाप नसतं.

तिनं पदराची गाठ सोडली.
बोराएवढी करडी गोळी, एका अंगाला चेपलेली.
"निंदताना सापडते. सासऱ्याच्या वक्ती लय निंगत.
भोई घेऊन जायचे, जाळ्याले लावाले.
जड रायते. पान्यात बराबर तळाशी बसते."
म्हणजे कितीक वर्षं पूर्णेतला मरळ, शिंगाडा
त्या लढाईच्या शिशानं धरला गेला
आणि इथल्या पोरांनी काटे काढून खाल्ला.
कोणाचं ते शिसं, कोणावर सुटलेलं,
माशाला काय.

आकड्यांतला तीन आधी जातो.
त्याची दोन्ही पोटं मिठानं फुटतात.
मागच्या खेपेला आलो तर नुसता चार उरला होता.
एकोणचाळीस माणसं
खांबाच्या पायथ्याशी भुकटी होऊन पडलेली,
त्यावर मुंगळे.
म्हणून या वेळी तीनला तीन हात दिले,
एकेक वाळू देऊन.
चारला दोन.
कॅप्टनला एकच, त्याचं कोरणं खोल आहे.

संध्याकाळी बांधकाम खात्याचा ज्युनिअर आला, मोटारसायकलवर.
पुढच्या आठवड्यात विलायतेहून कोणी पणतू यायचे होते,
त्याला घाई.
बोट लावून अक्षरं मोजली, पेन काढलं.
साल कापलं. दोघांची वयं कापली.
४३ कापले.
"आकडे अक्षरांत धरत नाहीत, पेंटर."
चाळीस रुपये गेले.
मी भांडलो नाही.
सही केली तेव्हा बोटाचा काळा ठसा
बिलावर उमटला, तो तसाच राहिला.

द्रुपदाबाईनं गोळी परत घेतली नाही.
"ठेव, आमच्या वावरात काय कमी हायेत."
रिकाम्या डब्यात टाकली,
डबा हँडलला अडकवला.
खड्डा आला की वाजते.
दर्यापूरपर्यंत खड्डेच आहेत.